दगडात कोरलेले शुभवर्तमान : वसई-गोव्याच्या जुन्या चर्चमधील प्रतीकशिल्पांची ओळख

नंदुरबार जिल्ह्यातील आपली चर्चमंदिरे बहुतांशी अलीकडच्या काळातील आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या खोऱ्यात उभी राहिलेली ही प्रार्थनास्थळे साधी, उजेडाची व उपयुक्त आहेत. त्यांच्या भिंतींवर कोरीव काम क्वचितच आढळते. तरीही पवित्र साक्रामेंताच्या मंजूषेवरील तीन अक्षरे, वेदीच्या वस्त्रावरील कोकरू, वाचनपीठावरील गरुड ही चिन्हे आपण दर रविवारी पाहतो. ती कोठून आली आणि त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले विचारतात व पुष्कळदा मोठ्यांनाही त्याचे उत्तर ठाऊक नसते. त्याचे उत्तर ज्या जुन्या वास्तूंमध्ये दगडात आणि लाकडात जपलेले आहे, त्यांचा परिचय वाचकांना करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रतीकशिल्पाची परंपरा

इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी लोक चित्रांची पूजा करतात म्हणून आपल्या चर्चमधील चित्रे फोडून टाकली. तेव्हा पोप महान संत ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली. चित्रांची पूजा होऊ नये हे योग्यच; परंतु ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ग्रंथातून जे मिळते ते चित्रांतून मिळते, म्हणून ती नष्ट करू नयेत, असा त्या पत्राचा आशय होता. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेच्या धार्मिक कलेचा पाया या विचारावर उभा आहे.

या विचाराचा सर्वांत समृद्ध आविष्कार अकराव्या व बाराव्या शतकातील 'रोमनेस्क' शैलीच्या चर्चमध्ये झाला. उत्तर स्पेनमधील खेड्यापाड्यांत अशी शेकडो लहान दगडी चर्चमंदिरे आजही उभी आहेत. जाड भिंती, अर्धगोल कमानी, अरुंद खिडक्या आणि दारावर, स्तंभशीर्षांवर व छताखालील दगडी टोकांवर कोरलेल्या आकृती ही त्यांची ओळख. पालेन्सिया प्रांतातील फ्रोमिस्ता गावच्या संत मार्टिन चर्चच्या छताखाली माणसे, पशू, वादक आणि विचित्र प्राणी यांची तीनशेहून अधिक दगडी शिरे आहेत. या चर्चचा उल्लेख १०६६ सालच्या एका राणीच्या मृत्युपत्रात येतो. हाका येथील कॅथेड्रलच्या दारावर ख्रिस्तनामाच्या चक्राभोवती दोन सिंह आहेत. एक सिंह भूमीवर पडलेल्या माणसाला अभय देतो, तर दुसरा दुष्ट शक्तींना पायाखाली तुडवतो. पश्चात्तापी माणसावर प्रभू दया करतो आणि मृत्यूच्या सत्तेवर विजय मिळवतो, असा त्याचा अर्थ तेथेच लॅटिन लेखात कोरून ठेवला आहे. सिलोसच्या मठातील शिल्पपटात प्रभूला क्रुसावरून खाली उतरवताना वर सूर्य आणि चंद्र शोक करीत आहेत.

या कलेवर टीकाही झाली. इ. स. ११२५ च्या सुमारास क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी मठांच्या ओवऱ्यांतील राक्षसी आकृतींवर कठोर आक्षेप घेतला. संन्याशांचे लक्ष वाचनावरून उडते आणि गोरगरिबांच्या वाट्याचा पैसा दगडांवर खर्च होतो, हे त्यांचे दुःख होते. चर्चमधील शिल्प भक्तीसाठी आहे की डोळ्यांच्या सुखासाठी, हा प्रश्न तेव्हापासून ख्रिस्तसभेने वारंवार स्वतःला विचारला आहे.

त्याच शतकांतील खानदेश

स्पेनमधील खेडुतांसाठी हे दगड कोरले जात होते, त्याच शतकांत आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बलसाणे येथील मंदिरांचा समूह उभा राहत होता. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही बाराव्या शतकाच्या सुमाराचे. या मंदिरांच्या उंबऱ्यांवर आणि भिंतींवर कीर्तिमुखे, व्याल व मकर आढळतात. गावोगावच्या वीरगळांवर आणि दानाच्या शिळांवर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही स्मृती, हे दान टिकावे, असा त्यांचा संकेत आहे.

दोन दूरच्या भूमींतील कारागीर एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांची श्रद्धाही वेगळी होती. उंबरठ्यावर उग्र मुखे कोरावीत, आकाशातील ज्योती साक्षीला ठेवाव्यात, हे मात्र दोघांनाही सुचले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आकृती सारखी असली म्हणजे अर्थही सारखाच असतो, असे नाही. वीरगळावरील सूर्य-चंद्र चिरस्थायित्व सांगतात. सिलोसचे सूर्य-चंद्र प्रभूच्या मरणकाळी पृथ्वीवर पडलेल्या अंधाराची आठवण देतात. प्रतीकाचा अर्थ ते ज्या समाजाने, ज्या श्रद्धेने कोरले त्यावरून ठरतो.

इबेरियातून कोकणात

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन यांच्या सणादिवशी, अफोन्सो द आल्बुकर्क याने गोवा जिंकले. जुन्या गोव्याचे कॅथेड्रल याच संतिणीला वाहिलेले असून त्याच्या मुख्य वेदीमागील सोनेरी फलकांवर तिच्या रक्तसाक्ष्याचे प्रसंग कोरलेले आहेत. १५३४ मध्ये वसईचा प्रदेश पोर्तुगिजांकडे आला. त्यांच्याबरोबर फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन धर्मगुरू आले आणि त्यांच्यासोबत इबेरियन भूमीतील दगड-लाकडाची भाषाही आली.

तोवर युरोपातील रोमनेस्क शैली मागे पडून चार शतके होत आली होती. गोव्यातील सर्वांत जुने अवशेष पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीतील आहेत. असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधले गेले, पण पूर्वीच्या वास्तूचे काळ्या पाषाणाचे प्रवेशद्वार तसेच राखले गेले. त्यावर राजमुकुट आणि मानुएल राजाचे चिन्ह असलेला खगोलीय गोल कोरलेला आहे. ही खूण धर्माइतकीच राजसत्तेचीही आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आत मुख्य वेदीवर मात्र वेगळेच दृश्य दिसते. क्रुसावरील ख्रिस्त आपला हात सोडवून संत फ्रान्सिस यांना आलिंगन देत आहे आणि खाली दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांची नावे आहेत. दारावर राजवैभव आणि वेदीवर दारिद्र्याचे व्रत, असा त्या काळाचा अंतर्विरोध एकाच चर्चमध्ये वाचता येतो.

बॉम जेझुसचा काळा दगड

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये तिचे अभिषेचन झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष येथे आहेत. वास्तू जांभ्या दगडाची आहे. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात बारीक कोरीव काम उठत नाही. म्हणून स्तंभ, त्यांच्या बैठका, शीर्षे आणि दर्शनी भागावरील नक्षी यांसाठी काळा पाषाण वसईहून समुद्रमार्गे आणण्यात आला. हा पाषाण दख्खनच्या लाव्हारसाचा आहे. सातपुड्यापासून वसईपर्यंत तोच पसरलेला आहे. बलसाण्याची मंदिरेही त्याच्याच जातीच्या दगडात घडली. आपल्या शेताच्या बांधावरील दगडाचे नातलग अशा रीतीने गोव्याच्या बासिलिकेत प्रभूचे नाव धारण करून उभे आहेत.

दर्शनी भागाच्या शिखरावर देवदूतांच्या मध्ये 'आय-एच-एस' ही अक्षरे आहेत. 'येशू' या नावाच्या ग्रीक लेखनातील ही पहिली तीन अक्षरे होत. येशूसंघाने ती आपली मुद्रा म्हणून स्वीकारली. आतील मुख्य वेदीवर खाली बाळ येशू, त्याच्यावर संत इग्नेशियस, त्यांच्या दृष्टीसमोर पुन्हा हेच नाव असलेले तेजोमंडल आणि सर्वांत वर पवित्र त्रैक्य अशी रचना आहे. पाहणाऱ्याची नजर खालून वर जाते आणि तीच त्याची प्रार्थना होते : मानव झालेल्या पुत्रापासून, संतांच्या संगतीने, त्रैक्यापर्यंत.

या वास्तूच्या बाहेरील भिंतींवरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. आज दिसणारा लालसर उघडा दगड हे तिचे मूळ रूप नव्हे. गोव्याच्या मुसळधार पावसात उघड्या जांभ्याची झीज होते, म्हणून गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर अलीकडच्या वर्षांत बरीच चर्चा झाली आहे. १९८६ पासून जागतिक वारसा मानल्या गेलेल्या वास्तूंनाही काळजीची गरज असते, हे यावरून दिसते.

प्रवचनपीठाखालील आकृती

याच बासिलिकेतील लाकडी प्रवचनपीठावर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार आणि ख्रिस्तसभेचे चार धर्मपंडित कोरलेले आहेत. तळाशी सात आकृती ते पीठ पेलून धरीत आहेत. गोव्यातील इतर काही जुन्या प्रवचनपीठांखाली अशा आधाराच्या जागी कमरेखाली पानांत किंवा शेपटीत विलीन होणाऱ्या नागिणींसारख्या स्त्री-आकृती दिसतात. देववचन जेथून घोषित होते त्या जागेखाली त्या का असाव्यात?

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला असा की, जुन्या शक्ती आता देववचनाचा भार वाहतात, हे उपदेशकाला दाखवायचे होते. स्पेनच्या जुन्या चर्चमध्येही स्तंभांखाली व कमानींखाली असे प्राणी दबलेले दिसतात. दुसरा असा की, ज्या सुताराने हे काम केले त्याच्या हाताला भार पेलणारी आकृती हीच ठाऊक होती. त्याच्या आजा-पणज्यांनी मंदिरांसाठी तीच कोरली होती. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात.

दुसऱ्या अर्थाला इतिहासाचा आधार आहे. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती व पवित्र वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचाच अर्थ अशी कामे त्यांच्याकडून करून घेतली जात होती, आणि नंतरही होत राहिली. आपल्या पूर्वजांनी ज्या मूर्तींपुढे गुडघे टेकले, त्यांपैकी कित्येक मूर्ती ख्रिस्ती नसलेल्या हातांनी घडवल्या होत्या. त्या हातांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

निद्रिस्त मेंढपाळ आणि पेलिकन

गोव्यात सतराव्या शतकात हस्तिदंतात कोरलेला 'उत्तम मेंढपाळ' हा या संगमाचा सर्वांत सुंदर नमुना आहे. लहान मुलाच्या रूपातील येशू डोळे मिटून, गालाला हात टेकून, पायांची घडी घालून एका उंच खडकावर बसलेला असतो. खांद्यावर आणि मांडीवर कोकरे असतात. खाली झऱ्याचे पाणी वाहते व पशुपक्षी ते पितात. सर्वांत खालच्या गुहेत पश्चात्तापी मरिया माग्दालेना पहुडलेली असते. मेंढपाळ योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातून आला, पाण्याची तहान बेचाळिसाव्या स्तोत्रातून आली. पण मिटलेल्या डोळ्यांची शांत बैठक पाहून भारतीय मनाला ध्यानस्थ योग्याची आठवण होते. अशा मूर्ती आज जगातील अनेक संग्रहालयांत आहेत.

जुन्या गोव्यातील संत मोनिका मठाच्या आवारातील ख्रिस्ती कला संग्रहालयात पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे चांदीचे पवित्र पात्र आहे. पेलिकन आपली छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी प्राचीन समजूत होती. जीवशास्त्रदृष्ट्या ती खरी नाही. परंतु आपल्या रक्ताने लेकरांना जीवन देणाऱ्या प्रभूचे हे प्रतीक मध्ययुगापासून रूढ झाले. पवित्र साक्रामेंताच्या पात्राला हा आकार का दिला, हे वेगळे सांगावयास नको.

वसईचे मूक साक्षीदार

वसईच्या किल्ल्यात आज छप्पर नसलेली चर्चमंदिरे उभी आहेत. फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनी चर्चच्या फरशीत कुलचिन्हे कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, तर येशूसंघाच्या चर्चवर येशूनामाची मुद्रा दिसते. १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र होत.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत नेल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल आहे. याच्या उलट घटना त्याआधी सोळाव्या शतकात घडली होती. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले आणि तेथील कोरीव भिंतीवर क्रूस खोदला. आज ते लेणे संरक्षित स्मारक असून खोदलेला क्रूस अजून दिसतो. दगडावर श्रद्धा कोरली जाते, तसा विजयही कोरला जातो. प्रतीकांचा अभ्यास करणाऱ्या श्रद्धावंताने दोन्ही प्रामाणिकपणे वाचावेत. आपल्या शेजाऱ्यांशी सलोख्याने बोलण्याची ती पहिली पायरी आहे.

काही प्रमुख प्रतीके

मनुष्य, सिंह, बैल व गरुड : यहेज्केल १ व प्रकटीकरण ४ मधील चार प्राणी, अनुक्रमे मत्तय, मार्क, लूक व योहान. परंपरेने यांतच ख्रिस्ताचा मानवदेह, पुनरुत्थान, बलिदान व स्वर्गारोहण पाहिले आहे.

कोकरू व ध्वज : बलिदान होऊनही विजयी झालेला ख्रिस्त.

क्रुसाखालील कवटी : गुलगुथा, म्हणजे 'कवटीची जागा'. परंपरेनुसार आदामाची कवटी. पहिल्या मानवाच्या पापावर प्रभूचे रक्त पडते.

शिडी, खिळे, चाबूक, कोंबडा, फासे : प्रभूच्या दुःखसहनाची साधने. कोंबडा पेत्राच्या नाकारण्याची व पश्चात्तापाची आठवण देतो.

अष्टकोनी स्नानकुंड : आठ हा आकडा सात दिवसांनंतरच्या नव्या दिवसाचा, म्हणजे पुनरुत्थानाचा.

बाणाने विद्ध झालेले हृदय : संत ऑगस्टिन, देवाच्या प्रीतीने घायाळ झालेले अंतःकरण.

आपल्यापुढील प्रश्न

हा सारा इतिहास नंदुरबारच्या श्रद्धावंतांसाठी आज का महत्त्वाचा आहे? आपल्याकडे नवी चर्चमंदिरे बांधली जातात, जुनी वाढवली जातात आणि त्या वेळी वेदीवर, दारावर कोणती चिन्हे असावीत, हे ठरवावे लागते. शहरातील दुकानातून साच्यातील मूर्ती आणणे सर्वांत सोपे असते. दुसरीकडे, आपल्या भिल्ल, पावरा, मावची व कोकणा बांधवांच्या जीवनातील चिन्हे चर्चमध्ये यावीत, अशी रास्त अपेक्षाही आहे. बार्सेलोनाचे सुपुत्र आणि १९२२ पासून मुंबईत इतिहासाचे अध्यापन केलेले येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी भारतीय रूपातील ख्रिस्ती कलेला प्रोत्साहन दिले. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मरियेला भारतीय वेशात रंगवले, तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला आणि त्यांनी पुण्याच्या आश्रमात राहून काम केले. हा मार्ग सोपा नव्हता व आजही नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात याबाबत स्पष्ट मार्गदर्शन आहे. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची म्हणून मानलेली नाही. प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला मंदिरात स्थान आहे, मात्र तिने उपासनेचा आदर राखला पाहिजे. निव्वळ डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य श्रेष्ठ, असेही ते सांगते. संत बर्नार्ड यांच्या आक्षेपाला हे एक प्रकारे उत्तरच आहे.

उदाहरणार्थ, धनुष्य घ्या. आपल्या आदिवासी बांधवांच्या दृष्टीने ते पूर्वजांचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात जलप्रलयानंतर देव मेघांत आपले धनुष्य ठेवतो. मूळ हिब्रू भाषेत युद्धातील धनुष्यासाठी आणि मेघांतील या धनुष्यासाठी एकच शब्द आहे. शस्त्र खाली ठेवून केलेल्या शांतीच्या कराराची ती खूण आहे. असे धनुष्य चर्चच्या दारावर कोरले, तर ते केवळ सजावट ठरणार नाही. ते आपल्या माणसांना त्यांच्याच चिन्हातून शुभवर्तमान सांगेल. परंतु अर्थ समजावून न देता ते लावले, तर ती नुसती शोभा होईल किंवा गैरसमजाला कारण होईल.

म्हणून धर्मग्रामांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नवे चिन्ह निवडण्यापूर्वी गावातील वडीलधाऱ्यांकडून त्याचा जुना अर्थ समजून घ्यावा आणि धर्मप्रांताचा सल्ला घ्यावा. दुसरी, जुना क्रूस, मूर्ती, लाकडी वेदी किंवा कोरीव दगड बदलताना तो टाकून अथवा विकून देऊ नये. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ११८९ व्या कलमानुसार प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या मूर्तींची दुरुस्तीदेखील धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. तिसरी, प्रत्येक कोरीव वस्तूचे छायाचित्र, तिचा काळ आणि ती घडवणाऱ्याचे नाव धर्मग्रामाच्या दप्तरात नोंदवावे. गोव्यातील ती प्रवचनपीठे कोरणाऱ्यांची नावे काळाच्या ओघात हरवली. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या सुताराचे नाव तरी हरवू नये.

वाचता न येणाऱ्यांसाठी ही शिल्पे कोरली गेली, असे संत ग्रेगरी यांच्या परंपरेने मानले. आज आपली मुले शाळेत जातात, पुस्तके वाचतात. पण दगडाची ही लिपी मात्र आपण विसरत चाललो आहोत. पुढच्या वेळी वसईला किंवा गोव्याला यात्रेस जाल, तेव्हा दारापाशी क्षणभर थांबून वर पाहावे आणि सोबतच्या मुलांना त्या चिन्हांचा अर्थ सांगावा.